अंतःस्रावी संस्था

अंतःस्रावी संस्था म्हणजे शरीरातील नलिकाविरहित ग्रंथींचा समूह होय. या ग्रंथी ‘संप्रेरके’ नावाची रासायनिक द्रव्ये तयार करून थेट रक्तात सोडतात. लाळ, घाम किंवा अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथींचा स्राव नलिकेवाटे ठरावीक जागी पोहोचतो. अंतःस्रावी ग्रंथींना अशी नलिका नसते. त्यांचा स्राव रक्ताभिसरणाबरोबर सर्व शरीरभर फिरतो. वाढ, चयापचय, रक्तातील साखर, क्षार व पाण्याचे प्रमाण, रक्तदाब, वयात येणे, गर्भधारणा, दुग्धस्रवण आणि संकटाला तोंड देण्याची शक्ती या सर्वांचे नियमन प्रामुख्याने संप्रेरकांमार्फत होते.

शरीराच्या कार्यांचा मेळ चेतासंस्था व अंतःस्रावी संस्था अशा दोन संस्था घालतात. चेतासंस्थेचा संदेश क्षणार्धात पोहोचतो आणि लगेच ओसरतो. संप्रेरकांचा परिणाम काही सेकंदांपासून कित्येक वर्षांपर्यंत टिकू शकतो. दचकल्यावर छातीत होणारी धडधड आणि बाळाचा प्रौढ माणूस होणे या दोन्ही घटनांमागे संप्रेरकेच असतात.

शोधाचा इतिहास

ग्रंथींचा स्राव रक्तावाटे दूरच्या अवयवांवर परिणाम करतो, याचा प्रायोगिक पुरावा १८४९ मध्ये जर्मनीतील आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी दिला. त्यांनी कोंबड्यांचे वृषण काढले, तेव्हा त्यांचे तुरे खुरटले व आरवणे बदलले. तेच वृषण पोटाच्या पोकळीत पुन्हा बसवल्यावर, मूळचा चेतासंबंध तुटलेला असूनही, नराची लक्षणे टिकून राहिली. १९०२ मध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लंडन येथे लहान आतड्यातून स्रवणारे ‘सिक्रेटिन’ शोधले. चेतातंतूंचा संबंध तोडल्यावरही हे द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्यास भाग पाडते, असे त्यांना आढळले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. त्याचे मूळ ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे. मराठीत त्यासाठी ‘संप्रेरक’ हा शब्द वापरला जातो.

१९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे काढण्याचे प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये मधुमेहाने मरणासन्न झालेल्या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी बालवयातील मधुमेह म्हणजे काही महिन्यांत अथवा फार तर काही वर्षांत ओढवणारा मृत्यूच होता.

संप्रेरकांची कार्यपद्धती

संप्रेरक रक्तावाटे सर्व पेशींपर्यंत पोहोचत असले, तरी प्रतिसाद मात्र ठरावीक पेशीच देतात. या पेशींना लक्ष्य पेशी म्हणतात. त्यांच्यावर किंवा त्यांच्या आत त्या संप्रेरकाशी जुळणारे प्रथिन असते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसा ग्राही आपल्याच संप्रेरकाला प्रतिसाद देतो. इन्शुलिन, ॲड्रिनॅलिन यांसारखी संप्रेरके पेशीच्या पटलावरील ग्राहीला चिकटतात आणि पेशीत न शिरता आत रासायनिक घडामोडींची साखळी सुरू करतात. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन व थायरॉक्सिन ही संप्रेरके पेशीच्या आत जाऊन जनुकांचे कार्य कमीअधिक करतात. म्हणून त्यांचा परिणाम सावकाश दिसतो व दीर्घकाळ टिकतो.

रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण अत्यल्प असते. ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावे लागणारे द्रव्य माणसाची उंची, झोप किंवा प्रजननक्षमता ठरवते. त्यामुळे थोडी कमतरता किंवा थोडे आधिक्यही आजाराचे कारण ठरते.

प्रत्याभरण

एवढे सूक्ष्म प्रमाण नियंत्रणात ठेवण्याची मुख्य रीत म्हणजे ‘ऋण प्रत्याभरण’. एखाद्या संप्रेरकाचे कार्य पूर्ण झाल्याची वार्ता रक्तावाटेच ते स्रवण्याचा आदेश देणाऱ्या ग्रंथीकडे परत जाते आणि आदेश मंदावतो. प्रमाण घटले की आदेश पुन्हा वाढतो. विहिरीवरून टाकीत पाणी चढवताना टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद व्हावा आणि पातळी उतरल्यावर पुन्हा सुरू व्हावा, तशी ही व्यवस्था आहे.

काही मोजक्या प्रसंगी याच्या उलट ‘धन प्रत्याभरण’ आढळते. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे तोंड ताणले गेले की ऑक्सिटोसिन स्रवते. त्याने कळा वाढतात. कळांनी ताण वाढतो आणि ऑक्सिटोसिन आणखी स्रवते. बाळ जन्मल्यावरच हे चक्र थांबते.

अंतःस्रावी संस्थेचे बहुतेक विकार या चक्राच्या आधारे समजून घेता येतात. ग्रंथी स्वतः बिघडणे, तिला आदेश देणारी ग्रंथी बिघडणे, कच्चा माल न मिळणे, लक्ष्य पेशींनी प्रतिसाद न देणे किंवा बाहेरून औषधरूपाने आलेल्या संप्रेरकामुळे आदेशच बंद पडणे, हे बिघाडाचे प्रमुख प्रकार होत.

प्रमुख ग्रंथी

अधश्चेतक व पियुषिका

मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा चेतासंस्था व अंतःस्रावी संस्था यांना जोडणारा दुवा आहे. त्याच्या आदेशाने हरभऱ्याच्या दाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची पियुषिका ग्रंथी काम करते. पियुषिकेच्या अग्रखंडातून वृद्धी संप्रेरक, दुग्धस्रवणाला चालना देणारे प्रोलॅक्टिन आणि अवटू, अधिवृक्क व जननग्रंथी यांना कामाला लावणारी संप्रेरके स्रवतात. पश्चखंडातून ऑक्सिटोसिन आणि मूत्रातून जाणारे पाणी रोखणारे संप्रेरक बाहेर पडते. ही दोन्ही अधश्चेतकात तयार होतात. बालपणी वृद्धी संप्रेरक कमी पडल्यास उंची खुंटते. प्रौढपणी ते जास्त झाल्यास हात, पाय व जबडा रुंद होत जातो.

अवटू ग्रंथी

व्यवहारात थायरॉइड या नावाने परिचित असलेली ही ग्रंथी गळ्यात श्वासनलिकेच्या पुढे असते. तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन शरीरातील ऊर्जावापराचा वेग ठरवते. ते कमी पडल्यास थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठता व मंदपणा ही लक्षणे दिसतात. ते जास्त झाल्यास वजन घटणे, घाम, हातांना कंप व छातीत धडधड होते.

थायरॉक्सिन तयार होण्यास आयोडीन आवश्यक असते. प्रौढ व्यक्तीस दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याची एकूण गरज चार ग्रॅमहूनही कमी भरते. आयोडीन न मिळाल्यास थायरॉक्सिन घटते, प्रत्याभरणामुळे पियुषिकेचा आदेश वाढतो आणि त्या आदेशाखाली सतत राबणारी अवटू ग्रंथी आकाराने वाढते. यालाच गलगंड म्हणतात. गळ्यावरील गाठीपेक्षा गंभीर परिणाम गर्भावर होतो. गर्भवतीला आयोडीनची गरज अधिक, दररोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम असते. तिच्यात तीव्र कमतरता असल्यास बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटू शकते.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. असे मीठ पुरवलेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्याच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. मे २००६ पासून थेट मानवी आहारासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे अपेक्षित असते. समुद्राच्या मिठात आयोडीन मुळातच भरपूर असते, हा समज चुकीचा आहे. बाहेरून न मिसळल्यास साध्या खडे मिठात ते नगण्य असते. ओल व हवा लागल्यास मिसळलेले आयोडीनही कमी होत जाते. म्हणून मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवतात.

काही बाळांत अवटू ग्रंथी जन्मतःच नसते किंवा काम करीत नाही. जन्मताना असे बाळ बहुधा निरोगीच दिसते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हा विकार ओळखता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केल्यास बौद्धिक वाढ बहुधा सर्वसामान्य होते. कित्येक महिने उशीर झाल्यास झालेली हानी भरून निघत नाही.

परावटू ग्रंथी

अवटू ग्रंथीच्या मागील बाजूस गव्हाच्या किंवा मसुराच्या दाण्याएवढ्या साधारणतः चार परावटू ग्रंथी असतात. त्यांचे संप्रेरक रक्तातील कॅल्शियम टिकवते. कॅल्शियम कमी होताच ते हाडांतून काढून घेतले जाते, वृक्कांतून वाया जाणे कमी केले जाते आणि ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने अन्नातून अधिक शोषले जाते. आहारात कॅल्शियम दीर्घकाळ कमी असेल, तर रक्तातील प्रमाण ठीक दिसते. त्याची किंमत हाडे मोजत असतात.

स्वादुपिंड

स्वादुपिंडात पाचकरस तयार करणाऱ्या भागाबरोबरच लँगरहॅन्सची द्वीपके नावाचे पेशीसमूह विखुरलेले असतात. त्यांच्यातून इन्शुलिन व ग्लुकागॉन ही परस्परविरोधी संप्रेरके स्रवतात. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात एका वेळी साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढीच साखर असते. जेवणानंतर इन्शुलिन ही साखर स्नायू व मेदपेशींत पाठवते आणि यकृतात साठवते. उपवासात ग्लुकागॉन यकृतातील साठा मोकळा करते. उपाशीपोटी रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम असणे सामान्य मानतात. १२६ किंवा अधिक प्रमाण पुन्हा केलेल्या चाचणीतही आढळल्यास मधुमेहाचे निदान होते.

प्रकार १ मधुमेहात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. अशा रुग्णास इन्शुलिन टोचणे अनिवार्य असते. प्रकार २ मध्ये पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि स्वादुपिंड हळूहळू थकते. हा आजार केवळ लठ्ठ व सुखवस्तू माणसांना होतो, या समजाला पुण्यातील संशोधनाने छेद दिला. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. मात्र पुण्याकडील बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान असूनही त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. याज्ञिक यांच्या पुण्यातील अन्य एका अभ्यासात, लंडनमधील बाळांच्या तुलनेत तेथील बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही अधिक आढळले. मधुमेहाकडे झुकणारी शरीररचना आईच्या पोटातच घडू लागते, असा या संशोधनाचा निष्कर्ष आहे. त्यामुळे मुली व गर्भवतींचे पोषण हा मधुमेहाच्या प्रतिबंधाचा भाग ठरतो.

अधिवृक्क ग्रंथी

दोन्ही वृक्कांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागातून कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन स्रवते. कॉर्टिसॉल पहाटे व सकाळी सर्वांत जास्त, तर मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. आजारपण, शस्त्रक्रिया किंवा दुखापतीत ते वाढते आणि रक्तदाब व साखर टिकवते. अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ राखते. आतल्या भागातून ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन स्रवते; भीती, राग किंवा धोका यांच्या वेळी शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते ते त्यामुळे.

या संप्रेरकांचा पूर लोटला तर काय होते, याचे उदाहरण कोकणातील लाल विंचवाच्या दंशात दिसते. या विंचवाच्या विषाने चेतातंतूंची टोके व अधिवृक्क ग्रंथी यांतून ॲड्रिनॅलिनवर्गीय द्रव्ये मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी हृदय निकामी होऊन फुप्फुसांत पाणी, असा क्रम घडतो. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरले. ते या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील ग्राहीच अडवते. त्यांचे निरीक्षण १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्वस्त गोळीच्या रूपातील हा उपचार वेळेवर मिळू लागल्यावर विंचूदंशाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले.

जननग्रंथी

स्त्रियांच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन, तर पुरुषांच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन स्रवते. वयात येताना दिसणारे बदल, मासिक पाळी, गर्भधारणा व शुक्रजंतूंची निर्मिती यांवर या संप्रेरकांचे व पियुषिकेचे संयुक्त नियंत्रण असते. हे चक्र समजल्यामुळेच गर्भनिरोधक गोळ्या आणि वंध्यत्वावरील उपचार शक्य झाले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. कोलकात्यातील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या १९७८ मधील अशाच कार्याला त्यांच्या मृत्यूनंतर मान्यता मिळाली.

अन्य स्रोत

मेंदूतील पिनियल ग्रंथीतून स्रवणारे मेलाटोनिन झोपेचे वेळापत्रक सांभाळते. वृक्कांतून तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे संप्रेरक स्रवते. मेदपेशींतून भूक आवरणारे लेप्टिन स्रवते. गर्भारपणात वारही संप्रेरके तयार करते.

वनप्रदेशातील विशेष प्रश्न

चंद्रपूर व गडचिरोली यांसारख्या वनव्याप्त जिल्ह्यांत अंतःस्रावी विकारांची काही कारणे शहरांपेक्षा वेगळी असतात. कोरपना, राजुरा, जिवती या तालुक्यांतील कापसाच्या किंवा गडचिरोलीतील धानाच्या शेतात राबणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका असतो. घोणस या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यात पियुषिकेत रक्तस्राव होऊन किंवा तिचा रक्तपुरवठा थांबून ती निकामी होऊ शकते. म्यानमार, श्रीलंका व दक्षिण भारतातील वैद्यकीय नोंदींत असे रुग्ण वर्णिलेले आहेत. दंशातून वाचलेल्या माणसात काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, सततचा थकवा, कमी रक्तदाब, भूक मंदावणे, अंगावरील केस गळणे, स्त्रियांत पाळी बंद होणे ही लक्षणे दिसू लागतात. त्यांचा जुन्या दंशाशी संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि ‘अशक्तपणा’ म्हणून शक्तिवर्धक औषधे दिली जातात.

प्रसूतीत अतिरक्तस्राव झाल्यासही पियुषिका अशीच निकामी होऊ शकते. ब्रिटनमधील हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे या विकारास त्यांचे नाव मिळाले. बाळंतिणीला दूध न येणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. पुढे पाळी सुरू होत नाही आणि थकवा वाढत जातो. दोन्ही प्रकारांत कॉर्टिसॉल व थायरॉक्सिनच्या गोळ्यांनी रुग्णाचे आयुष्य पूर्ववत होऊ शकते. मात्र कॉर्टिसॉल आधी व थायरॉक्सिन नंतर सुरू करावे लागते. निदान न झाल्यास साधा ताप किंवा जुलाबही प्राणघातक ठरू शकतो.

या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात मुलांची वाढ मंदावते व वयात येणे लांबते. वारंवार रक्त द्यावे लागल्यास साठलेले लोह अंतःस्रावी ग्रंथींना इजा करू शकते. म्हणून अशा मुलांची उंची व वजन नियमित नोंदवणे महत्त्वाचे असते. कुपोषणाशी संबंधित मधुमेह सडपातळ, तरुण व्यक्तींत आढळतो. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास प्रकार ५ अशी स्वतंत्र मान्यता दिली.

निदान व उपचार

संप्रेरकांचे प्रमाण रक्तचाचणीने मोजतात. त्यासाठीच्या अतिसूक्ष्म मापनपद्धतीबद्दल रोझॅलिन यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चाचणीत अनेकदा संप्रेरक व त्याचा आदेश ही जोडी एकत्र पाहतात. थायरॉक्सिन कमी आणि आदेश देणारे संप्रेरक जास्त असेल, तर दोष अवटू ग्रंथीत असतो. थायरॉक्सिन कमी असूनही आदेश वाढलेला नसेल, तर दोष पियुषिकेत किंवा अधश्चेतकात शोधावा लागतो.

कमी पडणारे संप्रेरक बाहेरून देणे, जास्त स्रवणाऱ्या ग्रंथीस औषधाने किंवा शस्त्रक्रियेने आवरणे हे उपचाराचे मुख्य मार्ग आहेत. बहुतेक अंतःस्रावी विकारांत औषध आयुष्यभर घ्यावे लागते. बरे वाटल्यावर ते बंद केल्यास विकार परततो.

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टिरॉइड औषधे ही कॉर्टिसॉलची कृत्रिम रूपे आहेत. दमा व संधिवातासह अनेक आजारांत ती जीवनदायी ठरतात. परंतु सांधेदुखी, दमा किंवा अशक्तपणा यांवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्यांत व गोळ्यांत ती न सांगता मिसळली गेल्यास रुग्ण नकळत त्यांवर अवलंबून राहतो. बाहेरून कॉर्टिसॉल मिळत असल्यामुळे पियुषिकेचा आदेश थांबतो आणि अधिवृक्क ग्रंथींचा बाहेरचा भाग आक्रसत जातो. चेहरा गोल होणे, त्वचा पातळ होणे, साखर व रक्तदाब वाढणे ही त्याची खूण असते. अशी औषधे कित्येक आठवडे घेतल्यावर अचानक बंद केली, तर शरीराला स्वतःचे कॉर्टिसॉल तयार करता येत नाही आणि रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत थांबवावी लागतात. थांबलेली ग्रंथी पुन्हा पूर्ववत काम करू लागण्यास कित्येक महिने लागू शकतात.